इपेच्या डेक-फळ्या: पाण्यात बुडणारं लाकूड, आणि ते बसवताना होणाऱ्या चुका

उन्हापावसात उघडी राहणारी लाकडी जमीन करायची असेल, तर इपेच्या तोडीचं लाकूड फार थोडं आहे. कुजीला दाद देत नाही, वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही, खुर्ची ओढली तरी चरा उमटत नाही. तरीही इपेचे बिघडलेले डेक बघायला मिळतात. कुठे फळ्यांच्या कडा वर उचललेल्या, कुठे टोकं हातभर फाटलेली, कुठे स्क्रूची डोकीच उडून गेलेली. लाकूड हलक्या प्रतीचं निघालं म्हणून असं झालं, असं क्वचितच असतं. साग किंवा पाइन हाताळावं तसं इपे हाताळलं, की हे होतं. त्यामुळे हे परीक्षण जितकं फळीचं आहे तितकंच ती बसवण्याचं आहे.

इपे दक्षिण आणि मध्य अमेरिकेतलं. बाजारात येणारा बहुतेक माल ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉन खोऱ्यातला असतो. झाड हँड्रोअँथस या प्रजातीतलं. २००७ पर्यंत ही झाडं टॅबेबुयातच धरली जात, म्हणून जुन्या कागदपत्रांत ते नाव दिसतं. ब्राझीलमध्ये त्याला ‘पाउ द आर्को’ असंही म्हणतात, म्हणजे धनुष्याचं लाकूड. तिथले मूळ रहिवासी याची धनुष्यं करत. वाकूनही न तुटणाऱ्या लाकडालाच असं नाव मिळतं.

आता आकडे. वाळलेल्या इपेची घनता साधारण १,१०० किलो प्रति घनमीटर, म्हणजे पाण्याहून जास्त. तुकडा बादलीत टाकला तर तळाला जातो. साग याच मापाने ६५५ च्या आसपास. कठीणपणा मोजायची जांका चाचणी असते: ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते बघायचं. सागाला सुमारे ४,७४० न्यूटन लागतात, इपेला १५,६२०. तिपटीहून जास्त. वाकवून मोडायला लागणारा ताण १७७ मेगापास्कलच्या घरात जातो. या लाकडात पोकळी इतकी कमी की पाणी आत शिरायला फारशी जागा नसते, आणि जे शिरतं त्यावर बुरशीला जगू न देणारी द्रव्यं गाभ्यात भरलेली असतात. टिकाऊपणाचं मूळ या दोन गोष्टींत आहे.

याच घनतेमुळे वजनाचा हिशेब आधी करावा लागतो. २५ मिलिमीटर जाडीची फळी चौरस मीटरला साडेसत्तावीस किलो भरते. ४० चौरस मीटरचा डेक म्हणजे नुसत्या फळ्यांचंच अकराशे किलो. १४० मिलिमीटर रुंद, चार मीटर लांब अशी एक फळी पंधरा किलोंच्या पुढे जाते आणि एका माणसाला ती नीट उचलता येत नाही. गच्चीवर किंवा टांगत्या सज्जावर टाकणार असाल, तर खालची रचना हे वजन पेलते का, हे फळ्या मागवण्याआधी तपासून घ्या.

माप निवडताना बहुतेकांची चूक होते. १९ × १४० मिलिमीटर (जाडी × रुंदी) ही सर्वांत जास्त खपणारी फळी, कारण ती स्वस्त पडते आणि रुंद दिसते. पण रुंदी जाडीच्या सातपटीच्याही वर गेली की फळी वाटीसारखी व्हायला तयारच असते. वरून ऊन लागून पृष्ठभाग सुकतो, खालची बाजू ओलसर राहते, वरचा थर आकसतो आणि दोन्ही कडा वर येतात. रुंदी जाडीच्या सहापटीत ठेवली तर हा त्रास बराच कमी होतो. २५ × १४० किंवा १९ × ९० ही मापं त्यात बसतात. डेक जमिनीपासून वीतभरच उंच असेल आणि खाली वारा खेळत नसेल, तर १९ × १४० घेऊच नये, कितीही स्वस्त मिळाली तरी. तिथे अरुंद फळी, आणि खालून हवा जायला किमान दोन बाजू मोकळ्या.

फळीच्या एका बाजूला चर असलेला मालही मिळतो, पाय घसरू नये म्हणून. त्या चरांत माती, पाला आणि ओल साचते, शेवाळ धरतं आणि पृष्ठभाग उलट जास्त निसरडा होतो. गुळगुळीत बाजू वर ठेवावी आणि महिन्यातून एकदा कडक झाडूने झाडावी, तेवढं पुरतं.

माल ताब्यात घेताना फळी आडवी धरून कड बघावी. गाभ्याचं लाकूड हिरवट तपकिरीपासून लालसर तपकिरीपर्यंत कोणत्याही छटेचं असतं, एकाच गठ्ठ्यात चार रंग निघाले तरी तो दोष नाही. पण कडेला फिकट पिवळसर-पांढरा पट्टा दिसला, तर ते सालीखालचं कच्चं लाकूड. गाभ्याचा टिकाऊपणा त्याला नसतो, ते आधी कुजतं. तो पट्टा खालच्या अंगाला असला तरी फळी परत करावी. टोकांना मेण लावलेलं आहे का, टोकाच्या चिरा किती आत गेल्या आहेत, फळी जमिनीवर ठेवली की पिळल्यासारखी एका कोपऱ्यावर डोलते का, हेही तिथेच बघायचं. इपे एवढं ताठ असतं की पिळलेली फळी स्क्रूने खेचून सरळ करता येत नाही. स्क्रू तुटतो, फळी तशीच राहते.

इपेच्या नावाखाली कुमारू गळ्यात मारणं नवीन नाही. कुमारूही चांगलं लाकूड आहे, घनता आणि कठीणपणा जवळपास तितकाच. पण रेषा एकमेकींत जास्त गुंतलेल्या असतात आणि पिळायची प्रवृत्ती अधिक. इपेचे पैसे देऊन ते घ्यायचं कारण नाही. ओळखायचा सोपा उपाय लाकडाच्या आतच आहे. इपेच्या छिद्रांत लॅपाकोल नावाची पिवळी भुकटी असते. फळीच्या टोकाकडून धारदार पटाशीने दोन-चार तासण्या काढाव्यात, पांढऱ्या वाटीत ठेवाव्यात आणि त्यावर धुण्याच्या सोड्याचं पाणी घालावं. इपे असेल तर पिवळेपणा जाऊन गडद लाल रंग उतरतो. कुमारूत लॅपाकोल नसल्यामुळे तो बदल होत नाही. ताजं कापलेलं कुमारू वासानेही ओळखू येतं, व्हॅनिलासारखा गोडसर वास येतो.

यापुढचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. लाकूड किती मुरलं आहे, म्हणजे सुकून किती स्थिरावलं आहे? इपे हिरवं असताना कापून पूर्ण सुकवलं तर वलयांच्या दिशेने सुमारे ७.२ टक्के आकसतं, त्याला आडव्या दिशेने ५.९ टक्के. व्यवहारात याचा अर्थ असा: १४० मिलिमीटर रुंदीची फळी ओलावा एका टक्क्याने बदलला की साधारण एक तृतीयांश मिलिमीटर हलते. हवेत वाळवलेला माल येतो तेव्हा त्यात १८ टक्क्यांच्या आसपास ओलावा असू शकतो. कोरड्या दिवसांत तो १२ वर आला, की प्रत्येक फळी दोन मिलिमीटरने अरुंद होते. भट्टीत सुकवून १२ वर आणलेली फळी ओल्या मोसमात तितकीच फुगते. फटीचं माप म्हणून सगळीकडे एकच ठरवता येत नाही. फळी १८ च्या आसपास असेल तर ३ मिलिमीटर फट ठेवा, पुढे ती आपोआप ५ होईल. १२ वर असेल आणि पुढे पाऊस असेल तर ५ ते ६ ठेवा, नाहीतर फुगलेल्या फळ्या एकमेकींना रेटतात आणि स्क्रू कापले जातात. अख्ख्या डेकभर तीनची फट काटेकोर ठेवून, पहिल्या पावसाळ्यात एकही फट शिल्लक न राहिलेली कामं बघायला मिळतात.

ओलावा मोजायला पिनांचं मीटर इथे फारसं उपयोगी नाही. पिना आत रुततच नाहीत, आणि इपेसाठी दुरुस्तीचा आकडा मीटरमध्ये नसेल तर वाचन चुकतं. त्यापेक्षा फळीच्या टोकापासून वीतभर आतला एक छोटा काप घ्यावा, वजन करावं, १०३ अंश सेल्सिअसला भट्टीत ठेवून वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवावा आणि पुन्हा वजन करावं. कमी झालेलं वजन भागिले सुकं वजन, गुणिले शंभर. ११८ ग्रॅमचा काप १०० वर आला, तर ओलावा १८ टक्के. त्याआधी माल जागेवर आणून, सावलीत, खाली आणि मध्ये पट्ट्या घालून, हवा फिरेल असा किमान आठवडाभर रचून ठेवायचा. प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला गठ्ठा मुरत नाही.

कापायला टंगस्टन कार्बाइडच्या दातांचं पातं लागतं. २५० ते ३०० मिलिमीटरच्या पात्याला ६० दात असले तर काप स्वच्छ येतो. साध्या पोलादी दातांची धार थोड्याच कापांत जाते, मग लाकूड कापलं न जाता घासलं जातं आणि कापाची कड काळी पडते. रंधा मारताना रेषा उलट्या फिरल्या की पृष्ठभागाचे तुकडे उपटले जातात. पातं नुकतं धार लावलेलं आणि कट अगदी पातळ ठेवावा. कापल्यावर टोकाला लगेच, निदान त्याच दिवशी, मेणाचा पाण्यात मिसळणारा लेप लावायचा. टोकाकडून ओलावा बाजूच्या तुलनेत कितीतरी भराभर उडतो आणि तिथेच चिरा पडतात. कापलेली टोकं उन्हात दोन दिवस उघडी राहिली, तर नंतर लावलेलं मेण त्या चिरा भरून काढत नाही.

भुस्सा पिवळट हिरवा आणि अगदी बारीक असतो. त्याने कातडीला खाज सुटते, डोळे चुरचुरतात, घसा धरतो. एफएफपी-२ किंवा एन-९५ मास्क, बंद चष्मा आणि यंत्राला धूळ ओढणारी नळी, हे तिन्ही हवंच. घामट अंगावर भुस्सा बसला की त्रास वाढतो, म्हणून हात आणि मान मधून मधून धुवावी.

आता स्क्रू. आधी भोक पाडल्याशिवाय इपेत स्क्रू जात नाही, आणि जोर लावून घालायला गेलं तर स्क्रूचं डोकं तुटतं किंवा फळीला तडा जातो. शिवाय इथे स्क्रू स्टेनलेस पोलादाचेच हवेत, आणि स्टेनलेस साध्या कडक केलेल्या स्क्रूपेक्षा मऊ असल्याने आणखी लवकर तुटतो. समुद्राजवळ किंवा पोहण्याच्या तलावाशेजारी ३१६ प्रतीचं स्टेनलेस, इतरत्र ३०४ चालतं. साधं किंवा जस्ताचा मुलामा दिलेलं पोलाद वापरलं, तर लाकडातली द्रव्यं लोखंडाशी मिळून प्रत्येक स्क्रूभोवती काळा डाग पडतो.

८ नंबरच्या स्क्रूची दांडी ४.२ मिलिमीटरची असते. फळीतलं भोक त्याहून किंचित मोठं, ४.५ ठेवायचं, म्हणजे फळी फुगता-आकसताना स्क्रूला वाकवत नाही. खालच्या वाशात पकड हवी, तिथे वासा कठीण लाकडाचा असेल तर ३ मिलिमीटरचं भोक, मऊ असेल तर नाही पाडलं तरी चालतं. डोकं बसायला वरून काउंटरसिंक करायचं, म्हणजे भोकाचं तोंड उतरतं रुंद करायचं. भोक बाजूच्या कडेपासून २० ते २५ आणि टोकापासून ४० ते ५० मिलिमीटर आत. २५ मिलिमीटरच्या फळीला ६० ते ६५ चा स्क्रू पुरतो. ड्रिलला कोबाल्टचं बिट लावावं आणि भोक अर्धं झालं की एकदा बाहेर काढून चुरा झटकावा. चुरा अडकून राहिला तर बिट तापतं, धूर येतो, धार जाते आणि भोकाची भिंत भाजून गुळगुळीत होते. स्क्रूच्या आट्यांवर थोडं मेण चोळलं तर तो सहज उतरतो. शेवटचे दोन फेरे कमी जोरावर किंवा हाताने.

किती माल लागेल याचा अंदाज: १४० ची फळी आणि ४ ची फट धरली, तर चौरस मीटरला सुमारे ७ मीटर फळी लागते, त्यावर १० टक्के कापात जाणारं धरा. वासे ४०० मिलिमीटरच्या अंतराने आणि प्रत्येक वाशावर दोन स्क्रू, म्हणजे चौरस मीटरला ३५ स्क्रू. ४० चौरस मीटरला १,४०० भोकं आणि तितकेच काउंटरसिंक. मजुरीचा अंदाज पाइनच्या डेकवरून बांधला तर तो निम्म्यावरही येत नाही. वाशांमधलं अंतर वाढवायचा मोह होतो, कारण फळी ताठ आहे आणि ६०० वरही माणसाचं वजन सहज पेलते. पण वासे जवळ हवेत ते वजनासाठी नव्हे, फळीला सपाट धरून ठेवायला. ४०० च सोडू नका.

स्क्रू न दिसणाऱ्या क्लिपांबद्दल स्पष्टच सांगायचं तर इपेसाठी त्या शिफारस करण्याजोग्या नाहीत. कडेला खाच पाडली की तिच्या वर-खाली उरणारी लाकडाची पट्टी बारीक असते, आणि रुंद फळी वाटीसारखी व्हायला लागली की प्लास्टिकची क्लिप तिला रोखू शकत नाही. स्क्रू दिसायला नको असतील तर डोकं आत घेऊन त्यावर इपेचाच गोल बुच बसवा, रेषा जुळवून. साधा डिंक या तेलकट, घट्ट लाकडाला नीट धरत नाही. भोक अ‍ॅसिटोनने पुसून लगेच इपॉक्सी लावावं.

आणि वासे. इपेची फळी पंचवीस वर्षं आणि त्याहून जास्त टिकते, पण खाली औषध मारलेल्या पाइनचे वासे घातले तर ते बहुतेकदा तिच्या आधी जातात. प्रत्येक स्क्रूच्या भोकातून पाणी वाशाच्या डोक्यावर मुरतं. वाशाच्या वरच्या अंगावर ब्युटाइलची चिकट पट्टी लावली तर स्क्रूभोवती ती आवळून बसते आणि पाणी अडतं. याला खर्च अगदी किरकोळ आहे. दोन फळ्यांची टोकं जिथे एकत्र येतात तिथे एकाच वाशावर दोन्ही दाटीने बसवू नयेत. जोडवासे घालावेत, मध्ये बोटभर फट ठेवून. प्रत्येक टोकाला पूर्ण टेकण मिळतं आणि पाणी खाली पडतं. जमत असेल तर सांगाडाही कठीण लाकडाचा, अ‍ॅल्युमिनियमचा किंवा जस्ताळलेल्या पोलादाचाच करावा. पैसा कुठे तरी वाचवायचाच असेल तर फळीची प्रत एक पायरी उतरवा, वाशाची नको.

तेल लावायचं की नाही, याचा टिकाऊपणाशी संबंध नाही. न लावलेलं इपे उन्हात काही महिन्यांत रुपेरी करडं होतं आणि तसंच राहतं. लाकडाचं त्यात काही बिघडत नाही. तपकिरी रंग हवा असेल तर रंगद्रव्य असलेलं, आत शिरणारं तेल वर्षातून एकदा लावावं लागेल. त्याआधी ६० ते ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं, त्याहून बारीक नको, नाहीतर पृष्ठभाग बंद होऊन तेल वरच राहतं. अगदी पातळ हात, आणि पंधरा-वीस मिनिटांत शिल्लक तेल फडक्याने पूर्ण पुसून काढायचं. जास्त लावलं तर चिकट थर होऊन त्यावर धूळ बसते. व्हार्निशसारखे वर पापुद्रा धरणारे लेप इपेवर सोलून निघतात, त्यांच्या वाटेला जाऊच नये. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

पहिल्या काही पावसांत फळ्यांतून पिवळट तपकिरी पाणी उतरतं. खाली फिकट फरशी किंवा शेजारी पांढरी भिंत असेल तर ती तेवढे महिने झाकून ठेवा. जवळपास लोखंड घासायचं किंवा कापायचं काम सुरू असेल तर ठिणग्यांचे कण फळीवर बसून काळे ठिपके पडतात. ते ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या द्रावणाने जातात, नंतर भरपूर पाण्याने धुवायचं. आणखी एक उणीव: भर दुपारी ही फळी चांगलीच तापते, अनवाणी चालवत नाही. तलावाशेजारी टाकताना सावलीचा विचार आधी करावा.

खरेदी करताना कागदपत्रांकडे डोळेझाक नको. जंगलात ही झाडं विखुरलेली असतात, सावकाश वाढतात, आणि मागणीपोटी बेकायदा तोड भरपूर झालेली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामात भरलेल्या सायटिस (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिषदेत हँड्रोअँथस आणि कुमारूची डिप्टेरिक्स या दोन्ही प्रजाती दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे ज्यांच्या व्यापारावर नियंत्रण असतं त्या यादीत, घातल्या गेल्या. २५ नोव्हेंबर २०२४ पासून ते लागू आहे. सीमेपलीकडून येणाऱ्या कापीव मालाला तेव्हापासून परवाना लागतो. विक्रेत्याकडे त्याची प्रत मागा. देता येत नसेल तर माल घेऊ नका, मग तो कितीही देखणा असो.

मोठं फर्निचर इपेचं करू नये, हलवताना जीव जातो. पायऱ्या, पायपूल, घाटावरच्या फळ्या, ट्रकचा हौदा, हत्यारांचे दांडे यांना मात्र ते शोभतं. जुना डेक मोडावा लागला तर फळ्या टाकून देऊ नका. करडा थर मिलिमीटरभरही खोल नसतो. स्क्रूची भोकं असलेली टोकं कापून रंध्याचे दोन पातळ हात दिले, की खालून तोच तपकिरी रंग निघतो आणि फळी उलटी करून पुन्हा बसवता येते.